रिकामं होण्याआधी

आयर्लंडच्या डिंगल गावातून एक सात वर्षांचा मुलगा १९११च्या सुमारास आपल्या घरी निघाला. घर समुद्रापलीकडे, एका बेटावर होतं. त्याचा जन्म तिथलाच; पण तो सहा महिन्यांचा असताना आई वारली आणि त्याला डिंगलला ठेवावं लागलं. तिथे तो इंग्रजी बोलत वाढला. आता वडील, आजोबा, भावंडं भेटणार होती आणि त्यांच्यापैकी कोणाचीच भाषा त्याला येत नव्हती. बेटावर सगळे आयरिश बोलत. होडीतून पलीकडे जाताना त्याच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पना करत बसायची गरज नाही. त्यानेच पुढे सगळं लिहून ठेवलं आहे.

त्या मुलाचं नाव मॉरिस ओ'सुलिव्हान आणि बेटाचं नाव ग्रेट ब्लास्केट. बावीस वर्षांनी, १९३३ मध्ये, मॉरिसने आपल्या लहानपणावर पुस्तक लिहिलं. तेही आयरिशमध्ये, म्हणजे जी भाषा त्याला पाळण्यात मिळाली नव्हती, सातव्या वर्षी धावत्या पायांनी शिकावी लागली होती, तिच्यात. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'वाढीची वीस वर्षं'. माणसाच्या आयुष्याचे वीस-वीस वर्षांचे टप्पे सांगणारी एक म्हण तिकडे आहे, त्यातला हा पहिला टप्पा. लहानपणाच्या आठवणींची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. इतकं मोकळं, वाऱ्यावर वाळत घातल्यासारखं पुस्तक क्वचित हाती लागतं.

ब्लास्केट आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी परगण्यात येतं. सुमारे सहा किलोमीटर लांब, जेमतेम एक-सव्वा किलोमीटर रुंद. समुद्रात आडवा झोपलेला डोंगरच तो. सर्वांत उंच माथा २९२ मीटरचा. पश्चिमेला तोंड केलं तर मधे फारसं काही नाही, थेट अमेरिका. वस्ती मात्र उलट्या अंगाला, मुख्य भूमीकडे तोंड करून, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावरच्या उतारावर. घरं उतारात अर्धी खणून बसवलेली, म्हणजे वादळाला पकडायला भिंत कमी मिळावी. रात्री कोंबड्या, गाय, गाढव, कुत्री माणसांबरोबर त्याच छपराखाली. छप्पर शाकारलेलं, आणि त्या शाकारणीत कोंबड्या बिळं करून अंडी घालत. जेवायला बसलेल्या घरात वरून पिल्लू टपकल्याची हकिकत बेटावरच्या एका आत्मचरित्रात आहे.

समोर मुख्य भूमीवर डनक्वीन नावाचं गाव दिसतं. मधला पट्टा रुंद नाही, पण घातकी आहे. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमाराचं 'सांता मारिया दे ला रोसा' हे जहाज परतताना याच पट्ट्यात बुडालं. हिवाळ्यात कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे, ओलांडणं होत नसे. बेटावर चर्च नव्हतं, पाद्री नव्हता, डॉक्टर नव्हता, दुकान नव्हतं, दारूचा गुत्ता नव्हता. लग्न लावायला समोर जायचं, माणूस मेला तर शवपेटी होडीत घालून समोर न्यायची. बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेली बाळं आणि लाटांनी आणून टाकलेले अनोळखी खलाशी यांना तेवढं बेटावर पुरत.

होडीला तिथे 'नेवोग' म्हणतात. लाकडी फळ्यांची होडी नाही ही. पातळ पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेला कॅनव्हास आणि त्यावर डांबर. इतकी हलकी की तीन-चार माणसं तिला पालथी करून डोक्या-खांद्यावर घेऊन किनारा चढतात. दुरून पाहिलं तर एखादा मोठा काळा भुंगा माणसांच्या पायांनी चालला आहे असं वाटतं. पाण्यावर ती बोटभर खोल बसते आणि लाटेबरोबर उचलली जाते. तीक्ष्ण खडक लागला तर मात्र संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही होडी बेटावर आली आणि जुन्या जड होड्या मागे पडल्या, कारण तिला कमी माणसं लागत. माणसं कमी होत गेलेल्या बेटाला हीच होडी अखेरपर्यंत पुरली.

पोटापाण्याचं गणित साधं होतं. उतारावरच्या लहान तुकड्यांत बटाटे आणि ओट, खताला समुद्रशेवाळ आणि चुलीवरची काजळी. डोंगरावर मेंढ्या आणि ससे. जळणासाठी टर्फ, म्हणजे दलदलीतली कुजून घट्ट झालेली माती. ती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि गाढवाच्या पाठीवरून खाली आणायची. समुद्रातून मॅकरल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, आणि पुढे शेवंड. मॉरिसच्या तरुणपणी शेवंड विकत घ्यायला फ्रेंच बोटी येत. त्याच्याआधीच्या पिढीत सीलची शिकार होई. कड्याखालच्या गुहांत माणसं पोहत शिरत. सीलचं मांस हिवाळ्यात खायला आणि तेल दिव्यात.

समुद्र घेई तसा देईही. एकदा फुटलेल्या जहाजातून चहाच्या पेट्या किनाऱ्याला लागल्या. चहा काय असतो हे बेटाला ठाऊक नव्हतं. बायकांनी तो उकळून त्याच्या रंगात परकर रंगवले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, 'क्वेब्रा' नावाचं मालवाहू जहाज बेटावर येऊन आदळलं, आणि कापसाचे गठ्ठे, घड्याळं आणि आणखी कितीतरी वस्तू पाण्यावर तरंगू लागल्या. मॉरिस तेव्हा बारा वर्षांचा. त्या वयाच्या मुलाला युद्ध म्हणजे काय ते असं कळलं: वस्तू फुकट येतात, आणि कधी वस्तूंच्या जागी प्रेतं येतात.

बेटावर जमीनदाराची माणसं खंडवसुलीला आली की बायका वरच्या कड्यावर दगड जमवून उभ्या राहत, हेही खरं. पुढे १९०७ मध्ये सरकारी मंडळाने बेट विकत घेतलं, शेतांची नव्याने वाटणी केली आणि वरच्या अंगाला पाच नवी घरं बांधली. बेटाचा एक 'राजा'ही होता. मुकुट नाही, सैन्य नाही; पॅट्रिक ओ'कीन हा शहाणा, देखणा गृहस्थ, ज्याचं सगळे ऐकत. समोरच्या किनाऱ्यावरून टपाल आणायचं कामही तोच करी. १९२९ मध्ये तो गेला, त्यानंतर बेटाने दुसरा राजा केला नाही.

आता मुलांकडे येतो, कारण माझं मन तिथे अडकलं आहे.

बेटावर शाळा होती आणि तिच्यातून पळायला डोंगर होता. मॉरिसच्या पुस्तकात शाळा थोडी आणि डोंगर पुष्कळ. सोबत्याला घेऊन सशांच्या मागे, कड्याच्या कपारीत पफिन पक्षी पकडायला, पक्ष्यांची अंडी काढायला. हॅलोविनच्या रात्री मुलं दिवा घेऊन कड्याच्या अंगाला झोपलेले कस्तूर पक्षी पकडायला जात. खाली शेकडो फूट अंधार आणि त्यात समुद्राचा घोष. आज कुठली आई पोराला असं जाऊ देईल? त्या आयाही घाबरत असणारच. पण त्या कड्यावर वावरता आलं नाही तर तिथे जगताच येत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. काही मुलं परत आली नाहीत. कड्यावरून पडलेल्या मुलांच्या नोंदी बेटाच्या आत्मचरित्रांत आहेत.

मॉरिस आणि त्याचा मित्र व्हेंट्रीच्या होड्यांच्या शर्यती बघायला मुख्य भूमीवर जातात, तो भाग तर पुन्हा पुन्हा वाचावा असा. हातात थोडे पैसे, डोळ्यांपुढे जग, आणि पहिल्यांदाच चाखलेली दारू. बेटावरच्या मुलाला समुद्रापलीकडचं गाव म्हणजे परदेश. आपण लहानपणी जत्रेला गेलो होतो ते आठवावं. तो भोवऱ्यासारखा गरगरणारा दिवस, आणि परतताना सगळं अंग जड.

सगळ्यांत वर आजोबा. मॉरिसला खरी भाषा दिली आजोबांनी. त्याच्या पुस्तकात आजोबा सतत बोलत असतात: वाऱ्याबद्दल, मेलेल्यांबद्दल, एकेका खडकाच्या नावाबद्दल. डोंगरावरच्या प्रत्येक घळीला, प्रत्येक कपारीला नाव होतं आणि नावामागे गोष्ट होती. संध्याकाळी माणसं ठरलेल्या घरी जमत, टर्फच्या विस्तवाभोवती बसत, आणि बोलणं चाले. वर्तमानपत्र नव्हतं, रंगमंच नव्हता. बोलणं हीच करमणूक, तेच न्यायालय आणि तीच शाळा. तिथे जो चांगला बोले त्याला मान. म्हणूनच हे बेट पुढे साहित्यात आलं.

ते कसं आलं हे सांगायला मॉरिसच्या एक पिढी मागे जावं लागतं. टोमास ओ'क्रोहन हा १८५०च्या दशकात जन्मलेला कोळी-शेतकरी. आयरिश त्याची मातृभाषा. पण शाळेत शिकवत ते इंग्रजी. स्वतःच्या भाषेतली अक्षरं तो वाचायला शिकला ती चाळिशीच्या आसपास. डनक्वीनला हवेमुळे अडकून पडला की तिथल्या नात्यातल्या घरात मुलं आयरिश पुस्तकं वाचत, त्यांच्याकडून. मग अभ्यासक येऊ लागले. १९०५ मध्ये आयरिश नाटककार जे. एम. सिंग राजाच्या घरी राहून गेला. १९०७ मध्ये नॉर्वेचा भाषातज्ज्ञ कार्ल मार्स्ट्रांडर आला आणि टोमासकडे आयरिश शिकला. १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर आला, आणि तो वर्षानुवर्षं येतच राहिला. १९४६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची रक्षा याच बेटावर उधळली गेली.

हे विद्वान शिकायला आले, शिकवायला नाही. मला यात मोठी गोष्ट दिसते. चिखलात बटाटे लावणाऱ्या माणसासमोर वही घेऊन बसायचं आणि त्याला गुरू मानायचं! त्या माणसालाही त्यातून आपल्या बोलण्याची किंमत कळते. १९१७ मध्ये ब्रायन केली नावाचा तरुण आला. त्याने टोमासला गॉर्कीचं 'माझं बालपण' आणि पिएर लोतीची आइसलँडच्या समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांवरची कादंबरी वाचून दाखवली. गरीब घरातलं लहानपण, कोळ्याचं जगणं, यावर पुस्तक होऊ शकतं हे टोमासला तेव्हा पटलं. तो रोजच्या रोज थोडं थोडं लिहू लागला. त्यातून १९२८ मध्ये बेटावरच्या रोजच्या संवादांची रोजनिशी आली, आणि १९२९ मध्ये 'बेटावरचा माणूस' हे आत्मचरित्र.

त्या पुस्तकात दुःख फार आहे, पण ते दोन-दोन ओळींत येतं. टोमासची बहुतेक मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एक मुलगा पक्ष्याची पिल्लं काढताना कड्यावरून पडला. काही गोवर-डांग्या खोकल्याने गेली. ऑगस्ट १९०९ मध्ये डब्लिनहून आलेली एक तरुणी पोहताना बुडू लागली, तिला वाचवायला त्याचा अठरा वर्षांचा मुलगा पाण्यात उतरला; दोघंही गेली. बाप हे लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. शेत होतं, होडी होती, थांबून कसं चालेल?

बेटाला आवाज देणारी तिसरी व्यक्ती पेग सेयर्स. ती मूळची डनक्वीनची. अमेरिकेला जायचं तिचं ठरलं होतं, पण तिकिटाचे पैसे पाठवणारी मैत्रीण तिकडे जायबंदी झाली आणि पेग १८९२ मध्ये लग्न होऊन बेटावर आली. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. ती सांगे आणि अमेरिकेतून परतलेला तिचा मुलगा लिहून घेई. तिचं पुस्तक १९३६ मध्ये आलं. आपल्याकडे बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवल्या नसत्या तर काय झालं असतं, हे आठवलं की पेगच्या मुलाचे आभार मानावेसे वाटतात. लोकसाहित्य गोळा करणाऱ्यांनी पेगकडून शेकडो गोष्टी टिपून घेतल्या. ही बाई चुलीशी बसून रात्र-रात्र बोले आणि ऐकणाऱ्याला घरी जावंसं वाटत नसे.

मॉरिसची वाट वेगळी. १९२३ मध्ये केंब्रिजचा ग्रीकचा विद्यार्थी जॉर्ज थॉमसन बेटावर आला आणि दोघांची गट्टी जमली. बेटावरचं बोलणं ऐकून आपल्याला होमर समजला, असं थॉमसन जन्मभर मानत आला. मॉरिस इतर तरुणांसारखा अमेरिकेला निघाला होता; थॉमसनने त्याला थांबवलं. तो १९२७ मध्ये आयर्लंडच्या पोलिसांत भरती झाला, कॉनेमाराला गेला, आणि तिथल्या चौकीच्या एकांतात त्याने बेट पुन्हा उभं केलं. पुस्तक आलं त्याच वर्षी, १९३३ मध्ये, इंग्रजी भाषांतरही निघालं. त्याला प्रस्तावना लिहिली ई. एम. फॉर्स्टरने. हा तोच फॉर्स्टर, जो १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि त्या मराठी दरबारात गोकुळाष्टमीच्या उत्सवात सामील झाला होता. लहानशा, कडेला पडलेल्या जगात मन लावून बसायची त्याची सवय जुनी होती.

मॉरिसचं दुसरं पुस्तक प्रकाशकाने नाकारलं, ते कधीच आलं नाही. १९५० मध्ये गॉलवेजवळ पोहताना तो बुडून वारला. ब्लास्केटच्या पोराला समुद्रानेच नेलं.

या सगळ्या पुस्तकांवरून बेट स्वर्ग होतं असा समज करून घेणं सोपं आहे, आणि तो चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे पावणेदोनशेच्या आसपास माणसं होती. मग मासळीचा बाजार बसला आणि तरुण पोरं-पोरी निघाली. बहुतेक सगळी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, कारण आधीचे तिथेच गेले होते. निघण्याच्या आदल्या रात्री घरात नाच-गाणं होई आणि पहाटे रडणं. त्याला 'अमेरिकन जागर' म्हणत, कारण मेलेल्यासाठी जागतात तसंच ते जागणं. जाणारा परत येईल याची आशा कोणी धरत नसे. मॉरिसची स्वतःची बहीण गेली, त्या रात्रीचं प्रकरण त्याच्या पुस्तकात आहे. लहानपण आनंदाचं होतं आणि तिथे राहणं अशक्य होत चाललं होतं. दोन्ही खरं, दोन्ही एकाच माणसाच्या हातचं.

मुलं कमी झाली म्हणून १९४१ मध्ये शाळा बंद झाली. ज्या गावात शाळा नाही तिथे लग्न करून कोण येणार? पेगही १९४२ मध्ये बेट सोडून समोर राहायला गेली. टपाल कचेरीत बिनतारी टेलिफोन आला होता, पण वादळात तो बंद पडे, आणि गरज नेमकी वादळातच लागे. १९४७ सालच्या सुरुवातीला चोवीस वर्षांचा एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. फोन चालत नव्हता. डॉक्टर येऊ शकला नाही, पाद्री येऊ शकला नाही. तो गेल्यावर त्याला पुरायला समोर नेणंही कित्येक दिवस जमलं नाही. त्याच वसंतात अन्न संपलं आणि बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. उन्हाळ्यात डी व्हॅलेरा स्वतः येऊन माणसांना भेटून गेले.

स्वतंत्र आयर्लंडने या बेटाच्या भाषेला देशाचं धन म्हटलं. पेगचं पुस्तक कित्येक दशकं शाळांत पाठ्यपुस्तक म्हणून लावलं. ज्या माणसांच्या तोंडातून ती भाषा येत होती, त्यांना हिवाळ्यात डॉक्टर मिळेल एवढी सोय मात्र त्याच देशाला करता आली नाही. मला हे फार लागतं. भाषा माणसांपासून वेगळी काढून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे.

त्याच १९४७ मध्ये एका बेटकरी कुटुंबात एक मूल जन्मलं, गॅरोड ओ'कीन. बेटावरचं शेवटचं मूल. वयाने त्याच्या सर्वांत जवळचा माणूसही तिशीतला. खेळायला दुसरं मूल नाही. एका वर्तमानपत्राने त्याला जगातला सर्वांत एकाकी मुलगा म्हणून छापलं आणि दूरदूरच्या देशांतून पत्रं, खेळणी, दत्तक घेण्याच्या विनंत्या येऊ लागल्या. मोठेपणी, २०१४ मध्ये, त्याने आपलं पुस्तक लिहिलं, आणि त्यात म्हातारी माणसंच आपली सवंगडी होती, आपण एकाकी नव्हतो, असं सांगितलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. एका मुलासाठी अख्खं गाव आजोबा झालं होतं.

बेट सोडायचा निर्णय सरकारने लादला नाही, बेटकऱ्यांनीच मागितला. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी मासेमारीची एक बोट त्यांना न्यायला आली. उरलेले बावीस जण. हवा वाईट होती, समुद्र खवळलेला. त्यामुळे सामानसुमान आणि सगळी माणसं त्या दिवशी निघू शकली नाहीत, काही नंतर गेली. निघतानाही समुद्राने अडवलंच. सरकारने डनक्वीनच्या परिसरात बांधून दिलेल्या घरांतून समोर बेट दिसे.

आता तिथल्या बहुतेक घरांना छप्पर नाही. उन्हाळ्यात प्रवासी येतात, पांढऱ्या वाळूवर सील शेकडोंनी पडून असतात. १९९३ मध्ये डनक्वीनला बेटाच्या माणसांचं, पुस्तकांचं संग्रहालय उभं राहिलं.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. बेटकरी ज्या डनक्वीनमध्ये येऊन राहिले, तिथली आयरिश भाषेतली शाळासुद्धा पटसंख्या कमी म्हणून १९७० मध्ये सरकारने बंद केली. एकदा शाळा गेल्यावर काय होतं, हे त्या गावाला समोरच दिसत होतं. लोकांनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतः शाळा चालवली, मोर्चे काढले, तीन वर्षं भांडले. १९७३ मध्ये सरकार बदललं आणि शाळा पुन्हा उघडली.